पहिले वाक्य कोणाचे?

सिग्मंड फ्रॉइड यांनी 1913 साली उपचाराच्या आरंभाविषयी एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात बुद्धिबळाच्या दृष्टान्ताने होते. बुद्धिबळाच्या पुस्तकांतून डावाची सुरुवात आणि शेवट एवढेच पद्धतशीर शिकवता येते. मधल्या खेळाच्या शक्यता इतक्या अमर्याद असतात की त्या नियमांत बसत नाहीत. मनोविश्लेषणाचेही तसेच आहे, असे त्यांचे म्हणणे. दृष्टान्त नेमका आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की पटाच्या दोन बाजूंना दोन खेळाडू बसले असून पहिली चाल कोणी करायची हे आधीच ठरलेले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय ही पहिली चाल हाच आहे. समुपदेशकाच्या खोलीत दोन माणसे समोरासमोर बसल्यावर पहिले वाक्य कोण उच्चारतो, कोणत्या भाषेत, आणि त्यानंतर जी कथा आकाराला येते तिचे कर्तृत्व कोणाच्या नावावर जमा होते, हा तो प्रश्न. गेल्या चाळीस वर्षांत ‘सहयोगी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपचारपद्धतीने याचे उत्तर दोघांच्या नावे लिहिले. उपचारकाने तज्ज्ञाचे आसन सोडावे, समोरच्या माणसाला त्याच्या आयुष्याचा जाणकार मानावे आणि पुढची वाट दोघांनी मिळून शोधावी, असे ही पद्धती सांगते. तिचा इतिहास बहुधा उपचारकांच्या औदार्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जुन्या कागदपत्रांकडे लक्ष दिले तर निराळे चित्र दिसते. सहकार्य कोणी बहाल केले नव्हते. ते रुग्णांनी, विशेषतः स्त्री रुग्णांनी, मागून आणि प्रसंगी भांडून घेतले होते.

फ्रॉइड यांच्या त्या निबंधातील व्यवहाराचा भाग वाचण्यासारखा आहे. प्रथम एक-दोन आठवडे प्रायोगिक उपचार करावेत. रुग्णाला ठरावीक तास द्यावा आणि तो आला नाही तरी त्या तासाचे पैसे घ्यावेत. रुग्णाने कोचावर पडावे आणि वैद्याने त्याच्या नजरेआड, मागे बसावे. शेवटच्या नियमाचे एक कारण ते प्रांजळपणे नोंदवतात. दिवसाचे आठ तास कोणी आपल्याकडे टक लावून पाहावे हे त्यांना सहन होत नसे. (शास्त्राच्या कित्येक दंडकांमागे अशी साधी अडचण असते; फ्रॉइड यांनी ती लपवली नाही, हे त्यांचे मोठेपण.) मग प्रश्न येतो की रुग्णाने सुरुवात कोठून करावी. उत्तर असे की कोठूनही. आयुष्याच्या हकिकतीपासून, आजाराच्या कहाणीपासून, बालपणाच्या आठवणींपासून, कोठूनही चालेल, निवड रुग्णाची. अट एकच, की मनात जे येईल ते गाळणी न लावता सांगायचे. आगगाडीच्या खिडकीशी बसलेला प्रवासी आत बसलेल्याला बाहेरची बदलती दृश्ये सांगत जातो, तसे.

यात स्वातंत्र्य आहे, परंतु त्याची चौकट एकाच पक्षाने आखलेली आहे. शिवाय रुग्णाचे पहिले शब्द, पहिली हालचाल, ‘मला काहीच सुचत नाही’ हे म्हणणेसुद्धा, वैद्याच्या लेखी पुरावाच. खिडकीबाहेरचे दृश्य प्रवासी सांगतो आणि त्या दृश्याचा अर्थ त्याला स्वतः न दिसणारा सहप्रवासी लावतो.

हा ‘बोलू द्यावे’चा मूळ नियम फ्रॉइड यांना कोठे मिळाला? त्यासाठी 1895 साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या उन्मादविषयक ग्रंथाकडे जावे लागते. त्यात ‘एमी फॉन एन.’ या कल्पित नावाने एका चाळिशीच्या विधवेची हकिकत आहे. फ्रॉइड तेव्हा संमोहन, मालिश, ऊन पाण्याची स्नाने असे उपाय करीत आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारीत. ही बाई बोलता बोलता मध्येच भयभीत होई आणि समोरच्याला हलू नका, बोलू नका, मला शिवू नका असे बजावी. पुढे एकदा ती वैतागून म्हणाली की हे कोठून आले, ते कोठून आले असे सारखे विचारू नका. मला जे सांगायचे आहे ते सांगू द्या. फ्रॉइड यांनी ते ऐकले आणि तसे लिहूनही ठेवले. पुढे जगभर शास्त्र म्हणून शिकवल्या गेलेल्या एका पद्धतीचे मूळ एका त्रासलेल्या बाईच्या तक्रारीत असावे, आणि ती तक्रार वैद्याच्याच वहीतून आपल्यापर्यंत पोहोचावी, यातच या साऱ्या इतिहासाचा पेच आहे.

त्याच ग्रंथातील ‘ॲना ओ.’ अधिक प्रसिद्ध. तिचे खरे नाव बेर्था पापेनहाइम. जन्म व्हिएन्नाचा, 1859चा. 1880च्या अखेरीपासून 1882च्या जूनपर्यंत योझेफ ब्रॉयर तिच्यावर उपचार करीत होते. आजारात तिची मातृभाषा जर्मन काही काळ लोपली आणि ती इंग्रजीतच बोलू लागली. संध्याकाळी ब्रॉयर आले की ती कथा सांगे. ब्रॉयर यांना त्या कथांत हान्स क्रिस्टियन अँडरसनची धाटणी जाणवली. कथा सांगून झाली की तिला शांत वाटे. ब्रॉयर आले नाहीत आणि कथा पोटातच राहिली की दुसऱ्या दिवशी ती अधिक बिघडे. या प्रकाराला तिनेच इंग्रजीत नाव दिले, ‘टॉकिंग क्युअर’, आणि थट्टेच्या लहरीत असली की ती त्याला धुराडे झाडणे म्हणे. म्हणजे उपचाराचे नामकरण रुग्णाने केले, वेळापत्रक रुग्णाच्या कथेने ठरवले, आणि ग्रंथावर नावे लागली दोन वैद्यांची.

ती बरी झाली असा समज त्या ग्रंथाने करून दिला. परंतु 1882च्या जुलैमध्ये तिला स्वित्झर्लंडमधील क्रॉइट्सलिंगन येथील बेलव्ह्यू आरोग्यधामात ठेवावे लागले होते. ही कागदपत्रे हेन्री एलेनबर्गर यांनी 1972 साली उजेडात आणली. बेर्था पुढे खरोखरच सावरली, ती मात्र स्वतःच्या कामातून. 1904 साली तिने जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली. 1907 साली नॉय-इझेनबुर्ग येथे निराधार मुली आणि अविवाहित माता यांच्यासाठी आश्रयगृह काढले. मेरी वुलस्टनक्राफ्टच्या स्त्रीहक्कांवरील ग्रंथाचा जर्मन अनुवाद तिने 1899 साली प्रसिद्ध केला आणि त्यावर ‘पी. बेर्टोल्ड’ हे स्वतः निवडलेले टोपणनाव घातले. 1936 साली ती वारली. ॲना ओ. म्हणजे तीच, हे जगाला कळले 1953 साली, फ्रॉइड यांचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांच्यामुळे. आजारपणाच्या त्या काळाविषयी ती कधी बोलली नाही, आणि आपल्या आश्रयगृहातील कोणाला मनोविश्लेषणाचे उपचार द्यावेत अशी सूचना कोणी केली तर ती कडाडून विरोध करी, असे तिच्या निकटवर्तीयांनी नोंदवून ठेवले आहे. ‘बोलून बरे होणे’ हा शब्दप्रयोग जिने दिला तिने त्याविषयी जन्मभर मौन धरले. या मौनाचा अर्थ लावण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो आवरणेच बरे. तिच्या बोलण्याचा अर्थ इतरांनी लावला, तेवढे पुरे झाले.

रुग्ण ऐकवतो आणि वैद्य ऐकत नाही, तेव्हा काय होते याचे उदाहरण ‘डोरा’. ही अठरा वर्षांची मुलगी 1900 साली फ्रॉइड यांच्याकडे आली, म्हणजे वडिलांनी तिला आणले. वडिलांच्या एका मित्राने तिच्याशी केलेल्या लगटीबद्दल ती जे सांगत होती ते वडिलांना ऐकायचे नव्हते. फ्रॉइड यांनी तिच्यावर विश्वास ठेवला खरा, पण लगेच तिच्या नकाराखाली दडलेली इच्छा ते तिला उलगडून दाखवू लागले. तिची कथा तिच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, या खात्रीने. अकरा आठवड्यांनी, 31 डिसेंबर रोजी, तिने उपचार थांबवले. 1905 साली तिची हकिकत प्रसिद्ध झाली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही हकिकत ठाऊक असते ती स्टीव्हन मार्कस यांच्या 1974च्या निबंधामुळे. त्यांनी ती आधुनिक कादंबरीसारखी वाचली आणि तिच्यातील निवेदक विश्वासार्ह नाही हे दाखवले. समीक्षकाने जे पाऊणशे वर्षांनी ओळखले ते त्या मुलीने अकरा आठवड्यांत ओळखले होते. फक्त तिने निबंध लिहिला नाही, ती उठून गेली.

मनोविश्लेषणाच्या आतूनही कोणी या प्रश्नाला भिडले नाही असे नव्हे. शान्डोर फेरेन्त्सी या हंगेरियन विश्लेषकाने 1932च्या रोजनिशीत ‘परस्पर विश्लेषणा’चा प्रयोग नोंदवला आहे. एलिझाबेथ सेव्हर्न या त्यांच्या रुग्णेने आग्रह धरला की तुमच्या मनातील अडथळे मलाही कळले पाहिजेत; मग काही काळ दोघे आलटून पालटून विश्लेषक आणि रुग्ण झाले. प्रयोग धोक्याचा होता आणि तो टिकला नाही. फेरेन्त्सी 1933 साली वारले आणि रोजनिशी 1985पर्यंत अप्रकाशित राहिली. येथेही मागणी रुग्णेची होती, हे लक्षात घ्यावे.

यानंतर अमेरिकेत यावे लागते. कार्ल रॉजर्स हे 1928 ते 1940 या काळात रॉचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी चालवलेल्या संस्थेत काम करीत. तेथील एक प्रसंग त्यांनी 1961च्या आपल्या पुस्तकात सांगितला आहे, आणि उपचाराच्या आरंभाविषयी एवढे बोलके दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. एका द्वाड मुलाच्या सुविद्य आईशी ते कित्येक भेटी बोलत होते. मुलाच्या वागण्याचे कारण आईने लहानपणी त्याला झिडकारले हेच, अशी रॉजर्स यांची खात्री होती. तिने सांगितलेले धागे हळूच जुळवून ते तिच्यापुढे ठेवीत. तिला काही ते पटत नसे. शेवटी त्यांनी हार मानली. आपण दोघांनी प्रयत्न केला, जमले नाही, थांबू या, असे ते म्हणाले. तिलाही ते मान्य झाले. हस्तांदोलन झाले, ती दाराशी पोहोचली, आणि वळून तिने विचारले की येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशनासाठी घेतात का. घेतात म्हटल्यावर ती परत येऊन त्याच खुर्चीत बसली आणि आपला मोडत चाललेला संसार, नवऱ्याशी बिनसलेले नाते, आपल्या अपयशाची भावना हे सारे ओतू लागली. आधी सांगितलेल्या ‘केस हिस्टरी’शी त्याचा फारसा संबंध नव्हता. खरा उपचार तेथून सुरू झाला, असे रॉजर्स म्हणतात.

या प्रसंगात आरंभ कोठे आहे? नोंदवहीप्रमाणे पहिली भेट कित्येक आठवड्यांपूर्वीच झाली होती. परंतु त्या भेटींत मुलगा हा विषय होता, आई ही माहिती देणारी होती आणि निष्कर्ष रॉजर्स यांच्या खिशात तयार होता. तज्ज्ञाने हार मानल्यावरच ती स्वतःसाठी बोलू शकली. शिवाय प्रश्न तिने विचारला. समुपदेशनाच्या आधुनिक इतिहासातील हे महत्त्वाचे पहिले वाक्य एका आईने दाराशी उभे राहून उच्चारले. तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

11 डिसेंबर 1940 रोजी मिनेसोटा विद्यापीठात रॉजर्स यांनी व्याख्यान दिले आणि सल्ला देण्याच्या रूढ पद्धतीवर टीका केली. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याच्या सल्लाप्रधान शाखेचे ते माहेरघर. एडमंड विल्यमसन तेथलेच. व्याख्यानाने खळबळ उडाली, आणि आपल्या पद्धतीचा जन्म त्या दिवशी झाला असे रॉजर्स पुढे म्हणत. मला मात्र त्या व्याख्यानापेक्षा 1942च्या त्यांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘हर्बर्ट ब्रायन’ या कल्पित नावाच्या तरुणाच्या आठ भेटी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून त्यांत अक्षरशः उतरवल्या आहेत. प्रत्येक उद्गाराला क्रमांक, आणि समुपदेशकाचे जेथे चुकले तेथे तळटीप. तोवर रुग्णाचे बोलणे आपल्याला वैद्याच्या आठवणीतून, वैद्याच्या गद्यातून मिळत होते. फ्रॉइड उत्तम गद्यकार होते. तेथे सगळे रुग्ण फ्रॉइड यांच्याच शैलीत बोलतात. ब्रायनचे बोलणे मात्र अडखळते, पुनरुक्त होते, भरकटते. ते वाचायला कंटाळवाणे आहे आणि त्या कंटाळ्यातच त्याचे मोल आहे, कारण ते त्याचे आहे. निवेदकाच्या तृतीयपुरुषी कथनाकडून नाट्यसंहितेकडे झालेला हा प्रवास आहे, आणि उपचारपद्धतींच्या इतिहासकारांपेक्षा साहित्याच्या अभ्यासकांनी तो अधिक बारकाईने पाहायला हवा.

रॉजर्स ‘रुग्ण’ हा शब्द टाळून ‘क्लायंट’ म्हणू लागले. मराठीत हा शब्द आणताना अडचण होते. अशील किंवा पक्षकार म्हटले की कोर्टाची पायरी आठवते, ग्राहक म्हटले की दुकान. त्यामुळे मराठी समुपदेशक बोलताना ‘क्लायंट’च म्हणतात. त्याहून मौजेचा शब्द ‘समुपदेशन’. ज्या पद्धतीचा पहिला दंडक उपदेश न करणे हा, तिच्या मराठी नावाच्या पोटातच उपदेश बसला आहे. शब्द रूढ झाला आहे आणि तो बदलावा असे माझे म्हणणे नाही. परंतु या नावाने दार ठोठावणारा माणूस आत काय मिळेल अशी अपेक्षा घेऊन येतो, हे त्यावरून कळते. जसवंत सिंह नेकी या मनोविकारतज्ज्ञांनी 1973 साली गुरू-चेला नात्याचा उपचाराचा नमुना म्हणून विचार मांडला तो याच अपेक्षेच्या आधारावर. भारतीय माणसाला अलिप्त श्रोता नको असतो, वाट दाखवणारा हवा असतो, असा त्या विचाराचा रोख. तो सहजी झटकून टाकता येत नाही. गीतेचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो, आणि तो देणारे बहुधा एक गोष्ट विसरतात. गीतेचा पहिला अध्याय जवळजवळ सबंध श्रीकृष्णाच्या मौनाचा आहे. अर्जुन बोलतो, शस्त्र टाकून बसतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण त्याला चार कठोर शब्द सुनावून पाहतात, त्याने काही साधत नाही. अर्जुन स्वतःहून ‘मला सांग’ म्हणतो आणि त्यानंतर, त्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून, उपदेश सुरू होतो. गुरूलाही आधी ऐकावे लागले होते आणि मागणी होईपर्यंत थांबावे लागले होते.

रॉजर्स यांच्या पद्धतीचे पुढे सूत्र झाले. समोरच्याचे वाक्य थोडे फिरवून त्यालाच परत द्यायचे. इतके सूत्र, की 1966 साली एमआयटीमधील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाच्या संगणक-आज्ञावलीला ते शिकवले. ती विडंबनवजा नक्कल होती. तिच्याशी बोलू लागलेल्या त्यांच्याच सेक्रेटरीने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, तेव्हा वायझेनबाउम हादरले. आज यंत्राशी मन मोकळे करणाऱ्यांची संख्या पाहता हा जुना किस्सा हसण्यावारी नेता येत नाही. ऐकून घेतल्याचा आभासही माणसाला किती पुरतो, हे त्यातून कळते. सहकार्य त्यात कोठे नाही, हेही कळते. कारण यंत्राला पालटण्याची भीती नसते.

दुसरी वाट एरन बेक यांची. 1979च्या नैराश्यविषयक ग्रंथात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचारक आणि रुग्ण यांना दोन संशोधकांसारखे मानले. रुग्णाचा विचार हे गृहीतक, आणि ते दोघांनी मिळून तपासायचे. येथे भेटीची सुरुवात कार्यक्रमपत्रिका ठरवण्याने होते. आज कशावर बोलायचे हे दोघांनी पहिल्या काही मिनिटांत ठरवायचे. सभेच्या इतिवृत्ताची आठवण करून देणारी ही रीत काव्यहीन आहे खरी, पण रुग्णाच्या हाती काहीतरी ठोस देणारी आहे.

‘सहयोगी’ हे नाव ज्या पद्धतीला खास करून चिकटले ती टेक्ससच्या किनाऱ्यालगतच्या गॅल्व्हेस्टन या बेटावरच्या गावात घडली. हॅरोल्ड गूलिशन आणि हार्लीन अँडरसन हे तेथे कुटुंबांवर उपचार करीत. त्यांना हळूहळू जाणवले की आपण उपचारकांची परिभाषा सोडून प्रत्येक कुटुंबाचे, कुटुंबातील प्रत्येकाचे, शब्द वापरू लागलो आहोत. 1988 साली त्यांनी माणसांच्या व्यवस्था म्हणजे भाषेच्या व्यवस्था होत, असा सिद्धान्त मांडला; 1992 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात क्लायंट हाच तज्ज्ञ, उपचारकाची भूमिका ‘न जाणण्या’ची, असे म्हटले. गूलिशन तोवर, 1991 साली, निवर्तले होते. या लेखनावर गाडामर यांच्या अर्थनिर्णयनशास्त्राची दाट छाया आहे. वाचक आणि संहिता यांच्या संवादातून अर्थ घडतो, तो संहितेत आधीच पुरून ठेवलेला नसतो, हे साहित्यवर्गात शिकवले जाणारे सूत्र येथे दोन जिवंत माणसांना लावले गेले. अँडरसन यांनी आरंभाच्या क्षणासाठी यजमान आणि पाहुणा यांची उपमा वापरली आहे. उपचारक यजमान असतो, कारण माणूस त्याच्या दारी येतो. त्याच वेळी तो त्या माणसाच्या आयुष्यातला पाहुणाही असतो. पाहुण्याने घरातली कपाटे उघडून पाहू नयेत, हे कोणत्याही घरात सांगावे लागत नाही.

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्से येथे टोम अँडरसन यांनी 1985च्या मार्चमध्ये जे केले ते अधिक नाट्यमय. त्या काळी कुटुंबाशी एक उपचारक बोले आणि बाकीचे तज्ज्ञ एकतर्फी आरशामागे बसून पाहत. त्यांना कुटुंब दिसे, कुटुंबाला ते दिसत नसत. त्या दिवशी आतला तरुण उपचारक कुटुंबाच्या निराशेत पुन्हापुन्हा ओढला जात होता आणि बाहेर बोलावून दिलेल्या सूचना उपयोगी पडत नव्हत्या. तेव्हा तज्ज्ञांनी कुटुंबाला विचारले की आमची चर्चा ऐकायला आवडेल का. दिवे उलटे झाले. कुटुंबाची खोली अंधारली, तज्ज्ञांची उजळली, आणि आरशातून कुटुंब तज्ज्ञांना पाहू-ऐकू लागले. ज्यांच्याविषयी बोलायचे ते ऐकत आहेत म्हटल्यावर तज्ज्ञांची भाषा बदलली. निदानाचे शब्द आपोआप गळाले. भेटीच्या आरंभी अँडरसन विचारीत की येथे यावे ही कल्पना मुळात कोणाची, ती इतरांना कशी वाटली, आणि आजची भेट तुम्हाला कशी वापरावीशी वाटते. पहिला प्रश्न विशेष आहे. तो आजाराचा इतिहास विचारत नाही; भेटीचा इतिहास विचारतो. डोराला हा प्रश्न कोणी विचारला असता तर, असे मनात येऊन जाते.

या पद्धतीवरचा आक्षेपही खरा आहे. ‘मी जाणत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या भिंतीवर पदवी टांगलेली असते, शुल्क त्यालाच मिळते, घड्याळाकडे तोच पाहतो, आणि जिवाला धोका दिसला तर निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. अज्ञान ही भूमिका झाली की तिचे ढोंग व्हायला वेळ लागत नाही. माझ्या मते अँडरसन-गूलिशन यांचे बलस्थान ‘न जाणण्या’त नाही, शब्द न बदलण्यात आहे. ‘डोक्यात भुगा झालाय’ असे कोणी म्हणाले तर त्याचे ‘चिंताविकृती’ न करता भुग्याविषयीच विचारणे. भुगा केव्हा होतो, कशाचा होतो, कोणाला दिसतो. ज्याने शब्द आणला त्याच्या हातून तो काढून घेतला नाही तर सत्ता पूर्ण सरली नाही तरी थोडी हलते.

आपल्याकडे माणूस एकटा येतच नाही. आई आणते, भाऊ आणतो, नवरा आणतो. पहिले वाक्य आणणाऱ्याचे असते आणि ज्याच्याविषयी ते असते तो खाली पाहत बसतो. यावर कुटुंबाला बाहेर बसवणे हा एक उपाय. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकात उलटा उपाय केला. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी नातेवाइकांना रुग्णांजवळ राहायला बोलावले आणि उपचारात भागीदार केले. गॅल्व्हेस्टनच्या सिद्धान्ताच्या किती तरी आधीचे हे सहकार्य. पण त्यावर सिद्धान्ताची मोहोर नव्हती म्हणून ते सहयोगी पद्धतीच्या इतिहासात क्वचितच येते. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो मे 2018मध्ये अमलात आला, आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क माणसाला दिला, आणि आपल्याविषयीच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचाही. वहीत काय लिहिले आहे हे एमी फॉन एन. किंवा डोरा यांना विचारण्याची सोय नव्हती.

वहीच्या बाबतीत एक प्रयोग सांगायचा राहिला. 1974 साली अमेरिकेत एक पुस्तक निघाले. लेखक अर्विन यालोम आणि त्यांची रुग्णा. ती होतकरू लेखिका होती आणि तिचे लेखन अडले होते. ठरले असे की प्रत्येक भेटीनंतर दोघांनी स्वतंत्रपणे टिपण लिहायचे, आणि काही महिन्यांनी एकमेकांचे वाचायचे. तिच्यापुरते हे लेखन हेच शुल्क. टिपणे शेजारी ठेवली तेव्हा दिसले की दोघे जणू वेगवेगळ्या खोल्यांत बसले होते. यालोम यांना आपल्या ज्या अर्थनिर्णयांचा अभिमान वाटत होता ते तिच्या कानावरही पडले नव्हते. तिच्या लक्षात राहिले होते त्यांनी तिच्या दिसण्याविषयी सहज म्हटलेले एखादे चांगले वाक्य, एखादी आपुलकीची लहानशी कृती. पुस्तक दोघांचे, टिपणे दोघांची, मुखपृष्ठावर नावेही दोन. त्यांपैकी ‘जिनी एल्किन’ हे नाव खोटे आहे.